घोरपड, आणि तिच्या आधीचा गोंधळ

चंद्रहास, माझं खेळातलं पात्र, कागदावर फार देखणा होता. अर्धा एल्फ, दोन लेव्हल पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा), एक लेव्हल वॉरलॉक (कुणाशी तरी करार करून जादू मिळवणारा) आणि उरलेलं सगळं आयुष्य सॉर्सरर (उपजत जादूगार). त्याची विसाव्या लेव्हलची शीट मी मोहीम सुरू व्हायच्या आधीच भरून ठेवली होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. खेळ सुरू झाला तेव्हा त्याची लेव्हल एक होती आणि पहिल्याच संध्याकाळी एका गॉब्लिनने त्याला आडवा केला.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी गोष्ट घडवायचा खेळ, त्याची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४च्या नियमांनी. ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की पात्राची लेव्हल वाढली की ती आधीच्याच क्लासमध्ये (पेशात) घालायची की दुसऱ्या क्लासचं दार उघडायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. दुसरं दार उघडलं की मल्टिक्लास. नियम ऐच्छिक आहे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, नाही म्हणाला तर विषय संपला. आमचा डीएम नाही म्हणत नाही. तो नुसता "बरं" म्हणतो, आणि त्या "बरं"चा अर्थ कळायला मला एक अख्खी मोहीम लागली.

चंद्रहासमागचा हिशेब तसा चुकीचा नव्हता. पॅलाडिन, वॉरलॉक, सॉर्सरर तिघंही करिश्मा या गुणावर चालतात. पॅलाडिनला दुसऱ्या लेव्हलला डिव्हाइन स्माइट मिळतं: तलवारीचा वार लागला की एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी खेप) जाळायचा आणि वर आठ बाजूंचे दोन फासे जास्तीचे टाकायचे, स्लॉट वरचा असेल तर आणखी फासे. सॉर्सररकडे स्लॉट भरपूर. वॉरलॉकची एकच लेव्हल, पण हेक्सब्लेडची, म्हणजे तलवारसुद्धा ताकदीऐवजी करिश्म्याने चालवायची. एका गुणावर सगळं घर चालवायचं, असा तो संसार.

पण मल्टिक्लासचा नियम म्हणतो की जुन्या आणि नव्या, दोन्ही क्लासचा मुख्य गुण किमान १३ हवा. पॅलाडिनला करिश्मा १३ लागतोच, शिवाय स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदही, १३. तलवार करिश्म्याने चालणार असली तरी स्ट्रेंग्थचा कर भरावाच लागतो. गुण विकत घ्यायला २७ पॉइंट मिळतात. करिश्मा १५ला ९ गेले, कॉन्स्टिट्यूशन (दमखम) १४ला ७, आणि ज्या स्ट्रेंग्थचा मला काडीचा उपयोग नव्हता तिला ५. अर्धा एल्फ असल्याचे दोन मिळून करिश्मा १७ झाला. सतराचा बोनस तीन, अठराचा चार. हा एक गुण वर जायला किती दिवस लागणार आहेत ते तेव्हा मी मोजलं नव्हतं.

तिसऱ्या लेव्हलला पॅलाडिन सोडून वॉरलॉक घेतला तेव्हा डीएमने विचारलं, "शपथ एकाची आणि करार दुसऱ्याशी, हे चंद्रहासला चालतं?" मी ऐटीत सांगितलं की पॅलाडिनची शपथ तिसऱ्या लेव्हलला होते आणि तो दुसऱ्यालाच निघाला, त्यामुळे मोडायला शपथच नाही. टेबल हसलं. डीएम म्हणाला, "बरं."

मग पार्टी पाचव्या लेव्हलला पोचली.

या आवृत्तीत पाचवी लेव्हल म्हणजे जणू उंबरठा. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक या सगळ्यांना एका पाळीत दोन वार करायला मिळतात. विझर्डला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात आणि विझर्ड फायरबॉल सोडून दुसरं काही घेतो असं मी अजून पाहिलेलं नाही. मात्र हे सगळं त्या त्या क्लासच्या पाचव्या लेव्हलला, पात्राच्या पाचव्या लेव्हलला नव्हे. चंद्रहास होता पॅलाडिन २, वॉरलॉक १, सॉर्सरर २. बेरीज पाचच, पण पाचव्या पायरीवर त्याचा कुठलाच पाय नव्हता.

पहिली लढाई एका पडक्या मठाच्या अंगणात. विझर्डने आठ फासे ओंजळीत खुळखुळवून टाकले आणि अर्धं अंगण जाळलं. फायटरने दोन वार केले, मग अ‍ॅक्शन सर्ज वापरून आणखी दोन. माझी पाळी आली. एक वार. फासा टाकला, चार पडला. चार आणि सहा दहा, समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) सोळा. वार लागला नाही की स्माइटही नाही, कारण स्माइट लागलेल्या वारावरच होतं. "झालं?" डीएमने विचारलं. झालं. पुढची पाळी यायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात मी सगळ्यांना पाणी देऊन आले.

गंमत म्हणजे स्लॉट माझ्याकडे होते. मल्टिक्लासमध्ये स्लॉट मोजताना सॉर्सररच्या लेव्हल पूर्ण धरतात आणि पॅलाडिनच्या निम्म्या, तेव्हा तीनच्या हिशेबाने पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन. पण मंत्र शिकायची मुभा प्रत्येक क्लासला स्वतंत्रपणे मिळते. दुसऱ्या लेव्हलच्या सॉर्सररला पहिल्या पातळीपलीकडचा एकही मंत्र येत नाही. मोठी भांडी घरात आणून ठेवलेली आणि शिजवायला मूठभर डाळ. ते दोन स्लॉट स्माइटमध्येच जायचे, तेही वार लागला तर.

गुणवाढसुद्धा क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते. पात्र चौथ्या लेव्हलला पोचलं तेव्हा बाकी सगळ्यांनी आपला मुख्य गुण अठरावर नेला होता. माझा कुठलाच क्लास चारवर नव्हता. करिश्मा सतरावर बसून राहिला तो थेट सातव्या लेव्हलपर्यंत. एकच गोष्ट वेळेवर वाढली: एल्ड्रिच ब्लास्ट. कँट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे मंत्र, पात्राची एकूण लेव्हल बघतात, त्यामुळे पाचव्याला त्याचे दोन किरण झाले. तर असा माझा तलवारबहाद्दर चंद्रहास मागे भिंतीला टेकून किरण सोडत बसायचा.

आठव्या लेव्हलला सॉर्सरर पाच होणार होता आणि मला फायरबॉल मिळणार होता. मोहीम सातव्या लेव्हलला संपली.

मी कुरकुर केली, सगळ्यांपुढे. आमच्यात एकजण फार जुना खेळाडू आहे, त्याने ती ऐकून घेतली आणि जुन्या काळचं सांगितलं. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ काढला तेव्हा क्लास तीनच: लढवय्या, जादूगार, क्लेरिक (देवाचा पुजारी). चोर आला तो पुढच्या वर्षी. १९७८च्या नियमांत एल्फ, बुटके वगैरे लोक एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवू शकत. माणसांना ती मुभा नव्हती. माणसाला क्लास बदलायचा तर जुना बंद करायचा, आणि नव्या क्लासची लेव्हल जुन्याच्या वर जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरली तर त्या साहसाचे अनुभवगुण पाण्यात. त्यासाठीही जुन्या क्लासचा मुख्य गुण किमान १५ आणि नव्याचा १७ लागायचा. हवी तशी लेव्हल हवी तिथे घालायची सोय २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. "तुझं रडणं सोयींचं आहे," तो म्हणाला. मला राग आला, पण घरी जाऊन मी चंद्रहासची शीट पुन्हा काढली आणि यावेळी विसावी लेव्हल न बघता तिसरी, चौथी, पाचवी, सहावी अशी एकेक ओळ मांडली. त्या दिवशी पाळीत मी नक्की काय करू शकत होते? चार ओळींत चार वेळा तेच आलं: एक वार, किंवा किरण.

आता माझा खरा लाडका क्लास रोग (इंग्रजी rogue, चोर). हे आधी सांगायला हवं होतं. रोगचं मला काय आवडतं तर स्नीक अटॅक. फसवून, किंवा मित्र शत्रूला भिडलेला असताना, एकच नेमका वार. पहिल्या लेव्हलला सहा बाजूंचा एक फासा, मग दर विषम लेव्हलला एक वाढतो. जादू नाही, स्लॉट मोजणं नाही, रात्रीची झोप झाली का हे विचारणं नाही. पण दर मोहिमेत तोच काटकुळा, टोपी ओढलेला चोर खेळायचा कंटाळा आला होता. म्हणून या वेळी अर्धी ऑर्क, रुंद खांद्यांची. नाव घोरपड, कारण धरलं की सोडायचं नाही हे तिच्याबद्दल आधीच ठरलं होतं. क्लास बार्बेरियन, म्हणजे रागाने पेटून लढणारी, आणि रोग.

ऐकणारा प्रत्येकजण हसतो. आरडाओरडा करणारी चोर! पण नियम नीट वाचले की गंमत दिसते. बार्बेरियनला दुसऱ्या लेव्हलला रेकलेस अटॅक मिळतो: ताकदीच्या वारांना अ‍ॅडव्हांटेज घ्यायचं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, मोबदल्यात पुढच्या पाळीपर्यंत तुझ्यावर येणाऱ्या वारांनाही अ‍ॅडव्हांटेज. अकरा हवे असतील तर एका फाशावर निम्मी शक्यता, दोनवर पाऊण. आणि अ‍ॅडव्हांटेज असलं की स्नीक अटॅक लागू. अट एवढीच की शस्त्र फिनेस प्रकारचं हवं. रेपियर, म्हणजे टोकाने भोसकायची बारीक तलवार, फिनेस आहे. आणि फिनेस शस्त्र डेक्स्टॅरिटीने (चपळाईने) किंवा स्ट्रेंग्थने, ज्याने हवं त्याने चालवता येतं. स्नीक अटॅकच्या नियमात डेक्स्टॅरिटी हा शब्द कुठेही नाही.

हे मी डीएमपुढे मांडलं. त्याने पुस्तक उघडलं, तो परिच्छेद वाचला, बोट ठेवून पुन्हा वाचला. "रागाने लाल झालेली बाई गुपचूप वार कशी करणार?"

"गुपचूप नाही. ती अंगावर येते तेव्हा समोरचा तिच्या डोळ्यांकडे बघतो. टोकाकडे नाही."

"बरं," तो म्हणाला. पण हा "बरं" वेगळा होता.

मधल्या दिवसांत मी याच नियमांवर बेतलेल्या बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेममध्ये हीच जोडी करून बघितली. तिथे मल्टिक्लासला गुणांची अट नाही, लेव्हल बारालाच थांबते, आणि चुकलं तर तळावरच्या सांगाड्याला शंभर सोन्याची नाणी दिली की सगळं पुन्हा पहिल्यापासून निवडता येतं. मी एका संध्याकाळी चारदा नाणी दिली. टेबलावर असा सांगाडा नसतो, म्हणून क्रम आधीच ठरवला: काही झालं तरी बार्बेरियन पाचपर्यंत सलग. मग रोग.

सुरुवात कुठून करायची यावर दोन दिवस गेले. रोगने सुरुवात केली तर चार कौशल्यं मिळतात. नंतर आत शिरलं तर एकच. उलट बार्बेरियनने सुरुवात केली तर मध्यम वजनाचं चिलखत वापरता येतं, जे मागून शिरणाऱ्याला मिळत नाही. कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (संकट झेलायचा फासा) चांगला मिळतो, आणि पहिल्या लेव्हलचे हिट पॉइंट (पात्रात किती जीव आहे तो आकडा) बाराच्या फाशाचे पूर्ण. गॉब्लिन आठवला. बार्बेरियन. गुण मांडताना स्ट्रेंग्थ १५, डेक्स्टॅरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विझडम १२ आणि बाकी दोन आठ-आठ, बरोबर २७. ऑर्क रक्ताने स्ट्रेंग्थ १७ आणि कॉन १५ झाले, आणि चौथ्या लेव्हलला दोन्हीकडे एकेक टाकून १८ आणि १६. यात वाया गेलेला पॉइंट नाही, कारण तेराची अट मला हव्या असलेल्या गुणांनीच भरली.

पहिल्या पाच लेव्हलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती साधी बार्बेरियन होती आणि साधी बार्बेरियन मजेत असते. पाचव्याला दोन वार मिळाले त्या रात्री मी कुणालाही पाणी द्यायला उठले नाही.

मग आम्ही पकडले गेलो. सगळी पार्टी तळघरात, आणि घोरपडच्या कोठडीत एक म्हातारा कुलूपतोड्या. डीएमने त्याला मुद्दाम तिथे बसवला होता हे उघड होतं. तीन आठवडे तो तिला शिकवत राहिला. सहावी लेव्हल: रोग १. मला वाटलं होतं खरी कमाई स्नीक अटॅकचा एक फासा. खरी कमाई निघाली एक्स्पर्टीज, जी मी अ‍ॅथलेटिक्सवर घेतली. एक्स्पर्टीजने प्रोफिशन्सी, म्हणजे प्रावीण्याचा बोनस, दुप्पट होतो: तीन, दुप्पट सहा, ताकदीचे चार, एकूण दहा. आणि रेज, म्हणजे बार्बेरियनचा राग, चढला की ताकदीच्या सगळ्या चेकना अ‍ॅडव्हांटेज.

सुटून बाहेर पडताना पुलाखाली ट्रोल. ट्रोलचा त्रास म्हणजे तो दर पाळीला दहा हिट पॉइंट भरून काढतो. आग किंवा आम्ल लागलं तरच त्याची पुढची खेप चुकते. विझर्ड म्हणाला, मी आग मारतो, तुम्ही त्याला धरा. तो बोलण्याच्या ओघात म्हणाला. मी म्हटलं, धरते.

दोन वारांऐवजी दोन चेक. पहिला पकडायचा: सहा आणि तेरा, तेरा धरून तेवीस. ट्रोलचे पंधरा. एका हाताने त्याचा दंड धरला. ट्रोल आकाराने एक पायरीच मोठा, तेवढं चालतं. दुसरा चेक पाडायचा: नऊ आणि सतरा, सत्तावीस. डीएमने अठरा टाकला, वर चार, बावीस. "पडला," तो म्हणाला, आणि ट्रोलची मिनी (छोटी मूर्ती) हातात घेऊन आडवी ठेवली. आता पकडलेल्याचा वेग शून्य, आणि उठायला वेग लागतो. म्हणजे सोडवून घेतल्याशिवाय उठणं नाही. पडलेल्यावर जवळून केलेल्या वाराला आपोआप अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे स्नीक अटॅकसाठी रेकलेस व्हायचीही गरज नाही. आणि तो पडल्या पडल्या मला मारणार ते डिसअ‍ॅडव्हांटेजने. म्हणजे दोनपैकी लहान फासा धरून. मी टेबलावर हात आपटला. फासे उडाले.

फक्त विझर्ड गप्प होता. पडलेल्यावर लांबून नेम धरला तर डिसअ‍ॅडव्हांटेज. जवळ यावं तर पाच फुटांवर शत्रू असताना नेमबाजीला डिसअ‍ॅडव्हांटेज आणि पडल्याचं अ‍ॅडव्हांटेज, दोघांची फिट्टंफाट. "तू त्याला उभा धरू शकत नव्हतीस?" विझर्डने लांबूनच फायर बोल्ट मारला. चुकला. पुढच्या पाळीलाही चुकला. शेवटी क्लेरिक पुढे आली. हातात मशाल होती, अंधारात दिसत नाही म्हणून धरलेली. तिने ती ट्रोलच्या पायावर टेकवली. पेटत्या मशालीने आगीचं नुकसान होतं एक. एक पॉइंट! पण नियम एवढंच विचारतो की आग लागली का. चौऱ्याऐंशी हिट पॉइंटचा ट्रोल, क्लेरिक दर पाळीला त्याला चटका देते आहे, मी वर बसून रेपियर खुपसते आहे, फायटर दुसऱ्या बाजूने, आणि विझर्ड लांब उभा राहून आम्हाला कुठे मारायचं ते सांगतो आहे. ट्रोलने एकदा सुटायचा प्रयत्न केला. एकोणीस टाकला. मी वीस टाकला. आजही तो फासा वेगळ्या डबीत आहे.

सगळंच जुळलं असं नाही. सातव्याला कनिंग अ‍ॅक्शन मिळाली, बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीत जादाची मिळणारी छोटी हालचाल) निसटायची किंवा धावायची सोय. पण रेजही बोनस अ‍ॅक्शननेच चढतो, म्हणजे पहिल्या पाळीत दोन्ही नाही. रागवायचं की पळायचं ते ठरवा. स्नीक अटॅक पाळीला एकदाच, त्यामुळे दुसरा वार नुसता वार. आणि विझर्ड आता पाचव्या पातळीचे मंत्र टाकतो तेव्हा मी त्याच्याकडे बघत नाही.

मागच्या खेळात घोरपड दहावर पोचली: बार्बेरियन ५, रोग ५. या लेव्हलसाठी मी महिनाभर थांबले होते. अनकॅनी डॉज: दिसणाऱ्या शत्रूचा वार लागला की रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट हालचाल) वापरून नुकसान निम्मं. आणि रेजमध्ये तलवार, गदा, भाल्याचं नुकसान आधीच निम्मं. निम्म्याचं निम्मं.

लाव्हाच्या काठावर अग्नी-राक्षस, हातात माणसाएवढी तलवार. माझे हिट पॉइंट वीस उरलेले, आणि मी रेकलेस होते, तेव्हा त्याला दोन फासे. पहिला वार लागला. एकतीस, डीएम म्हणाला, आणि माझ्या शीटकडे हात पुढे केला, पडलेल्या पात्राची शीट तो मागून घेतो तसा. "थांब," मी म्हटलं. "पंधरा. मग सात." तेरा उरले. त्याने पुस्तक मागितलंही नाही. दुसरा वार टाकला. लागला. अठ्ठावीस.

रिअ‍ॅक्शन फेरीला एकच असते. रेजचे चौदा. तेरातून चौदा.

"ऑर्क," क्लेरिक हळूच म्हणाली. अर्ध्या ऑर्कला दिवसातून एकदा शून्याऐवजी एकवर थांबता येतं. मी ते नऊ लेव्हल विसरून गेले होते. पेन्सिलने एक लिहिला. फायटर पलीकडे अडकलेला, विझर्डचे स्लॉट संपलेले, आणि पाळी माझी. निसटायला कनिंग अ‍ॅक्शन होती. डीएम वाट बघत होता.

"रेकलेस," मी म्हटलं, आणि दोन्ही फासे उचलले.